जुन्या फ्लॅटच्या पाहणीत बीम-कॉलमचा दोष आढळल्यास काय करावे

मुंबई, ठाणे, पुणे किंवा नाशिकमध्ये पंचवीस-तीस वर्षांच्या इमारतीतला फ्लॅट पाहायला गेलेल्या माणसाला पहिल्या फेरीत बहुधा काहीच खटकत नाही. विक्रीला काढलेल्या घराला नुकताच रंग दिलेला असतो, छताखाली पीओपीचे फॉल्स सीलिंग असते आणि एजंटाचे सगळे बोलणे स्टेशनपासूनच्या अंतरावर चाललेले असते. दोष दिसतो तो नंतरच्या फेरीत. बाथरूमवरच्या माळ्यात बॅटरी घेऊन डोकावले की बीमच्या तळाला लांबच लांब भेग, तिच्या कडेने तांबूस डाग आणि बोट लावताच सुटणारा पोपडा दिसतो. हे पाहून काही जण व्यवहार तिथेच सोडून देतात, तर काही जण ‘जुनी बिल्डिंग म्हटली की एवढे चालायचेच’ या एजंटाच्या वाक्यावर विसंबतात. दोन्ही निर्णय घाईचे आहेत, कारण त्या भेगेविषयी ठरवण्यासारखी माहिती त्या घडीला कोणाजवळच नसते.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी. बीम, कॉलम आणि स्लॅब फ्लॅटच्या आत दिसत असले तरी ते इमारतीचे असतात. तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातला कॉलम पार्किंगपासून गच्चीपर्यंत एकच असतो आणि तो कोणा एकाच्या घरापुरता दुरुस्त होत नाही. त्यामुळे अशा दोषाचा निकाल त्या चार भिंतींत लागत नाही. एकूण इमारतीची प्रकृती कशी आहे, सोसायटीकडे पैसे किती आहेत आणि सभासद ते खर्च करायला तयार आहेत का, यावर तो लागतो. पुढची सारी खटपट ही तीन उत्तरे मिळवण्यासाठी आहे.

पैसे आणि सही थांबवावी

दोष दिसल्यावर व्यवहार मोडण्याची गरज नसते, पण तो जिथे आहे तिथे थांबवावा. टोकन दिले नसेल तर ते देऊ नये. दिले असेल तर इसार पावतीवर किंवा निदान लेखी संदेशात अशी अट घालून घ्यावी की, खरेदीदाराने नेमलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल ठरलेल्या मुदतीत समाधानकारक न आल्यास टोकनची पूर्ण रक्कम परत मिळेल. ‘दुसरे गिऱ्हाईक उद्याच टोकन घेऊन येणार आहे’ असे सांगितले जाते. खरोखर कोणी येणार असेल तर येऊ द्यावे. मुद्रांक शुल्क भरून करारनाम्याची नोंदणी झाली की खरेदीदाराचा हात अडकतो आणि घासाघीस करण्याची ताकद संपते.

गृहकर्ज देणाऱ्या बँकेचा माणूस येऊन पाहून गेला आहे, यावरही समाधान मानू नये. तो मालमत्तेची किंमत ठरवायला आणि मंजूर नकाशाशी बांधकाम ताडून पाहायला आलेला असतो. माळ्यावर चढून बीम ठोकून पाहणे त्याच्या कामात सहसा येत नाही.

भेग कोणती आहे ते ओळखणे

प्रत्येक भेग बीम-कॉलमची नसते, आणि प्रत्येक पोपडा निव्वळ रंगाचाही नसतो. भिंतीवर जाळ्यासारख्या पसरलेल्या केसाएवढ्या भेगा बहुतेक वेळा गिलाव्यापुरत्याच असतात. आरसीसी, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटचा, बीम आणि त्याखालची विटांची भिंत जिथे मिळतात तिथे जाणारी सरळ आडवी रेघही फारशी भीतीदायक नसते, कारण वीट आणि काँक्रीट उन्हात वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि सांध्यात अंतर पडते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघणारी भेग मात्र नोंदवून ठेवावी. विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढणारी आणि एका टोकाला रुंद होत जाणारी भेग दिसली तर पाया एका बाजूने खचला असण्याचा संशय घ्यावा.

खरी काळजी बीम-कॉलमवरच्या भेगांची. बीमच्या तळाला किंवा कॉलमच्या कोपऱ्यालगत सळईच्या बरोबरीने लांब धावणारी भेग म्हणजे आत गंज चढत असल्याची खूण असते. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो. सळई आतून फुगते आणि तिच्यावरचे काँक्रीटचे आवरण, जे कॉलममध्ये साधारण ४० मिमी असते, बाहेर ढकलून देते. बीमच्या टोकाशी, म्हणजे तो कॉलमला जिथे टेकतो तिथे, सुमारे ४५ अंशांत तिरकी गेलेली भेग सर्वांत गंभीर समजावी. ती भार पेलण्याच्या शक्तीशी संबंधित असू शकते आणि तिच्याबाबत इंजिनिअरचे मत येईपर्यंत पुढे एक पाऊलही टाकू नये.

रुंदीचा अंदाज घ्यायला साधन खिशातच असते. आयएस ४५६ या भारतीय मानकात आरसीसीच्या पृष्ठभागावरील भेगेची मर्यादा सर्वसाधारणपणे ०.३ मिमी धरली आहे आणि एटीएम कार्डाची जाडी सुमारे ०.७६ मिमी असते. कार्डाची कड काँक्रीटच्या भेगेत शिरत असेल तर ती भेग या मर्यादेच्या दुप्पट ओलांडून गेलेली आहे. भेग जिवंत आहे की जुनी होऊन थांबलेली, हे पाहायचे तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी खूण करून तारीख लिहावी. इंजिनिअर भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंनी पक्की चिकटवून ठेवतात आणि भेग सरकली तर काच तडकते. हातोडीच्या दांड्याने बीम हलकेच ठोकत गेल्यास चांगल्या काँक्रीटचा आवाज ठणठणीत येतो, आवरण सुटलेल्या जागी तो एकदम बद्द होतो. विक्रेत्याच्या समोर आणि त्याच्या संमतीनेच ठोकावे. घर अजून त्याचे आहे.

नव्या रंगाकडे विशेष लक्ष द्यावे. सगळ्या घराचा रंग जुना आणि एका बीमचा तेवढा ताजा, असे असेल तर कारण विचारावे. बाथरूमच्या छताला पीओपी केले असेल तर त्याची एखादी झडप उघडून वरचा स्लॅब पाहू देण्याची विनंती करावी. वरच्या मजल्यावरच्या संडासाखालचा स्लॅब हा जुन्या इमारतींचा दुखरा भाग असतो आणि तो झाकण्याचा पीओपी हा स्वस्त मार्ग आहे. पाहणीला शक्यतो ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जावे. मे महिन्यात कोरडी ठणठणीत वाटणारी भिंत पावसाळ्याच्या अखेरीस ओल आणि लोणा दाखवते.

आता फ्लॅटमधून बाहेर पडावे. पार्किंगमधल्या कॉलमचे बुंधे, पाण्याच्या टाकीखालचे बीम, लिफ्टची मशीन रूम, गच्चीवर उघडणाऱ्या जिन्याची खोली आणि ड्रेनेजचे पाइप जातात ते डक्ट, एवढ्या जागा पाहिल्या की इमारतीविषयी पुष्कळ कळते. डक्टकडे पाठ असलेला कॉलम वर्षानुवर्षे गळक्या पाइपांच्या पाण्यात भिजत असतो आणि त्या बाजूला कोणी रंगही देत नाही. डक्टची खिडकी उघडून बॅटरीच्या उजेडात वर-खाली पाहावे. तिथे पिंपळाची रोपे उगवलेली आणि सळ्या उघड्या पडलेल्या दिसल्या तर सोसायटीच्या देखभालीविषयी वेगळे विचारायला नको.

पाहणी करताना किंवा राहत्या घरात भेग काही तासांत वाढताना दिसली, कॉलमचे काँक्रीट फुटून सळ्या वाकलेल्या आढळल्या, कडकड आवाज येऊ लागले किंवा कालपर्यंत नीट लागणारे दरवाजे एकाएकी चौकटीत अडकू लागले, तर अहवालाची वाट पाहू नये. सर्वांना बाहेर काढून अग्निशमन दलाला १०१ वर आणि मुंबईत महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला १९१६ वर कळवावे.

इंजिनिअर आणि त्याचा अहवाल

महापालिकेचा परवाना असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर स्वतः शोधून, स्वतःच्या पैशाने नेमावा. एजंटाने किंवा विक्रेत्याने सुचवलेला माणूस चांगला असेलही, पण त्याला पुढचे काम कोण देणार आहे हे विसरू नये. पहिली भेट नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची असते आणि बऱ्याचदा तेवढी पुरते. चाचण्यांची गरज आहे असे त्याने सांगितल्यास प्रश्न सोसायटीकडे जातो, कारण सामाईक बीम-कॉलममधून नमुने काढायला तिची परवानगी लागते.

चाचण्यांचे आकडे वाचता येणे कठीण नाही. रिबाउंड हॅमर ही सर्वांत स्वस्त चाचणी असून पृष्ठभागाच्या कठीणपणावरून ताकदीचा अंदाज देते. पण जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे कडक होतो आणि आकडा फुगतो, म्हणून केवळ या चाचणीवर बेतलेला अहवाल अपुरा मानावा. अल्ट्रासॉनिक चाचणीत ध्वनिलहरींचा काँक्रीटमधला वेग मोजतात. आयएस १३३११ या मानकाच्या १९९२ च्या, आता बदललेल्या, प्रतवारीत सेकंदाला साडेतीन किलोमीटरहून अधिक वेग चांगला आणि तीनपेक्षा कमी वेग शंकास्पद धरला होता. सळईचा विद्युत दाब मोजणाऱ्या हाफ-सेल चाचणीत उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षाही खालचे आकडे आले तर त्या जागी सळई गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर समजतात. कार्बोनेशनची, म्हणजे कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटची अल्कता किती खोलवर गेली आहे याची, चाचणी तर डोळ्यांनीच पाहता येते. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थेलीन फवारले की निरोगी भाग गुलाबी होतो आणि ज्याची अल्कता गेली आहे तो तसाच राहतो. हा बिनरंगी पट्टा सळईपर्यंत पोचला असेल तर सळईचे नैसर्गिक संरक्षण संपले आहे. मुंबई-ठाण्याच्या किनारपट्टीवर क्लोराइडचे प्रमाणही तपासून घ्यावे, कारण खारी हवा हा गंजाचा दुसरा मोठा रस्ता आहे.

अहवालात ‘इमारत दुरुस्तीयोग्य आहे’ एवढे एक वाक्य चालत नाही. कोणते फ्लॅट, कोणते बीम, कोणते कॉलम, दुरुस्तीची पद्धत आणि अंदाजे खर्च, हे त्यात स्वतंत्र हवे.

सोसायटीची कागदपत्रे

माझ्या मते सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतील ७७ व्या उपविधीनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट (इंजिनिअरकडून होणारी इमारतीच्या मजबुतीची तपासणी) दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी करायचे असते. शिवाय ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीला स्थैर्य प्रमाणपत्र लागते. मुंबईत ही तरतूद महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब मध्ये आहे, तर राज्यातल्या इतर महापालिकांना लागू असलेल्या अधिनियमात ती २६५-अ मध्ये आहे. बाहेरच्या माणसाला सोसायटी ही कागदपत्रे दाखवायला बांधील नाही, परंतु विक्रेता सभासद आहे आणि तो ती मागू शकतो. म्हणून शेवटचे ऑडिट, महापालिकेकडून आलेल्या नोटिसा, गेल्या तीन वर्षांच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते आणि ताळेबंद त्याच्यामार्फत मागवावेत. विक्रेता सबबी सांगू लागला तर तेही एक उत्तर समजावे.

मुंबई महापालिकेच्या वर्गवारीत सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची इमारत. सी-२ए मध्ये इमारत किंवा तिचा भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती करावी लागते, सी-२बी मध्ये रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती करता येते आणि सी-३ मध्ये किरकोळ दुरुस्ती पुरते. एकाच इमारतीचे दोन अहवाल परस्परविरोधी असतील तर मुंबईत प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे जाते. असे प्रकरण प्रलंबित असलेल्या इमारतीत पैसे गुंतवू नयेत. पुनर्विकासाची घाई असलेल्या सोसायटीच्या अहवालात इमारत आहे त्याहून खिळखिळी दिसू शकते आणि खर्च टाळणाऱ्या सोसायटीच्या अहवालात ती आहे त्याहून धडधाकट. अहवाल कोणी, कशासाठी मागवला होता, हे त्यामुळे विचारावेच.

इतिवृत्तांत दुरुस्तीचा विषय दर वर्षी निघतो आणि दर वर्षी ‘पुढील सभेत विचार करावा’ असे लिहिलेले असते, अशा सोसायट्या पुष्कळ आहेत. ताळेबंदात सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या कामांसाठी दरसाल साठवायचा राखीव निधी, आणि दुरुस्ती निधी पाहावा. आदर्श उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाव टक्का सिंकिंग फंडाला आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधीला जमा व्हायला हवा. प्रत्यक्षात तो जमलेला नसेल तर दुरुस्तीच्या वेळी प्रत्येक फ्लॅटमागे एकरकमी वर्गणी निघणार हे नक्की. पुनर्विकास होणार असे सांगितले जात असेल तर जमिनीचे अभिहस्तांतरण (मालकी सोसायटीच्या नावे होणे) किंवा विकसक ते करत नसल्यास सरकारी अधिकाऱ्याच्या आदेशाने होणारे मानीव अभिहस्तांतरण झाले आहे का, ते तपासावे. ते नसेल तर पुनर्विकास वर्षानुवर्षे रेंगाळतो आणि ‘आता पाडायचीच आहे’ म्हणून दुरुस्तीही होत नाही.

कोणाच्या फ्लॅटमध्ये काय तोडफोड झाली आहे, याचीही चौकशी करावी, विशेषतः तळमजल्याची. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरमध्ये साईसिद्धी ही इमारत कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला, त्या वेळी तळमजल्यावर नूतनीकरणाचे काम चालू होते. तळमजल्यावर दुकान, दवाखाना किंवा जिम असेल तर तिथले कॉलम शाबूत आहेत का, हे इंजिनिअरला पाहायला सांगावे.

खर्च कोणाचा आणि किंमत किती

आदर्श उपविधींनुसार छताची संरचनात्मक दुरुस्ती, पावसाची गळती आणि सामाईक पाइपांची गळती यांचा खर्च सोसायटीचा असतो. सभासदाच्या संडास-बाथरूममधून किंवा सिंकमधून होणारी गळती त्याने स्वतः थांबवायची असते. वाद नेमका या सीमेवर होतो: वरच्याच्या बाथरूममुळे खालच्याचा स्लॅब कुजला, तर वरचा म्हणतो सोसायटीने करावे आणि सोसायटी म्हणते तुम्ही आपसात मिटवा. हे भांडण आधीच चालू असेल तर ते मिटल्याखेरीज घर घेऊ नये, नाहीतर ते वारशाने मिळते. सोसायटीने प्रत्यक्षात स्वीकारलेल्या उपविधींची प्रतही पाहावी.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने उघड करायला हवा. पण या तरतुदीला दुसरी बाजू आहे. जो दोष पाहणीत दिसला, त्याच्याबद्दल नंतर ‘मला सांगितले नाही’ असे म्हणता येत नाही. त्यामुळे दिसलेल्या दोषाचा हिशेब आत्ताच, किमतीत आणि करारनाम्यात, व्हायला हवा.

किंमत कमी करून मागताना ‘जुनी बिल्डिंग आहे, पाच लाख कमी करा’ असे मोघम बोलून उपयोग होत नाही. दुरुस्तीच्या अंदाजपत्रकातला फ्लॅटच्या वाट्याचा हिस्सा, काही महिने घर रिकामे करावे लागल्यास भाडे आणि आतले काम मोडून पुन्हा करण्याचा खर्च, यांची बेरीज कागदावर मांडावी. शेवटची बाब बरेच जण विसरतात. कॉलमला जॅकेटिंग, म्हणजे बाहेरून नव्या सळ्या आणि काँक्रीटचे वेष्टण, केले की तो प्रत्येक बाजूने तीन-चार इंच जाड होतो. स्वयंपाकघरातला ओटा तोडावा लागतो, अरुंद बोळातून कपाट जात नाही आणि चटई क्षेत्र कायमचे घटते.

करारनाम्यात वकिलाकडून असे कलम घालून घ्यावे की, ताबा देण्याच्या तारखेपर्यंत सभेने मंजूर केलेली दुरुस्तीची वर्गणी, मग ती नंतरच्या हप्त्यांत देय असली तरी, विक्रेत्याने भरायची आहे. किमतीतली काही रक्कम सोसायटीचे ना-देय प्रमाणपत्र मिळेपर्यंत राखून ठेवता आली तर उत्तम. सी-१ची नोटीस असेल, बीमच्या टोकाची तिरकी भेग वाढती असेल किंवा विक्रेता इंजिनिअरला आत येऊ देत नसेल, तर मात्र सवलत कितीही मिळो, दुसरे घर शोधावे.

दुरुस्ती होताना काय पाहावे

गंजलेल्या बीमवर नुसता गिलावा करणे ही दुरुस्ती नव्हे. आधी पाण्याचा उगम बंद व्हायला हवा. त्यानंतर टेकू लावून, आणि ते टेकू खालच्या मजल्यांवरही एकाखाली एक जमिनीपर्यंत नेऊन, बीमवरचा भार उतरवतात. सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडून काढतात, सळई घासून चकचकीत करतात आणि ती फारच झिजली असेल तर तिच्या जोडीला नवी सळई बांधतात. मग गंजरोधक लेप, बाँडिंग कोट आणि पॉलिमर मोर्टार किंवा मायक्रोकाँक्रीट, असा क्रम असतो. सळ्या उघड्या असतानाच इंजिनिअरने येऊन पाहावे आणि फोटो काढून ठेवावेत, कारण मोर्टार भरल्यावर आत काय केले हे कंत्राटदाराशिवाय कोणालाच कळत नाही. सोसायटीने बिलाचा हप्ताही याच टप्प्याशी जोडावा.

नव्या इमारतीत असा दोष आढळल्यास वाट वेगळी आहे. नवेपणावर भिस्त ठेवता येत नाही. महाडमध्ये २४ ऑगस्ट २०२० रोजी १६ जणांचा बळी घेणारी इमारत दहा वर्षांचीही नव्हती. रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन, कायद्याच्या कलम १४ मधील तिसऱ्या उपकलमानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत संरचनात्मक दोष निदर्शनास आणून दिला तर विकसकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करायचा असतो, आणि न केल्यास भरपाई मागता येते. सूचना लेखी द्यावी, फोटो आणि तारीख जोडावी, पोच घ्यावी आणि प्रतिसाद न मिळाल्यास महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाकडे तक्रार करावी. व्हॉट्सअॅप ग्रुपवर विकसकाच्या माणसाने दिलेले ‘बघून घेतो’ हे उत्तर मुदत संपेपर्यंत पुरते.

बंगला किंवा बैठे घर घेणाऱ्याला सोसायटी नसते, पण जमीन असते. मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे उथळ पायाच्या घराच्या भिंतींतल्या भेगा ऋतूप्रमाणे उघडतात आणि मिटतात. एका भेटीत अशा भेगेचे मोजमाप फसवे ठरते. ती एकदा मेअखेरीस आणि एकदा सप्टेंबरात मोजावी. तेवढी सवड नसेल तर मालकाच्या परवानगीने घराच्या कोपऱ्याशी खड्डा घेऊन पाया काळ्या मातीतच थांबला आहे की खालच्या मुरुमापर्यंत पोचला आहे, हे इंजिनिअरकडून पाहून घ्यावे.